मुका झालेला संगणक

ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ला मिळणारें नियमित संरक्षण संपलें, आणि संगणकाची कार्यप्रणाली नव्यानें बसविण्याचा प्रसंग पुष्कळ घरांवर आला. त्यानंतर कित्येकदां अक्षरें बेढब मोठीं दिसतात. परदेशीं असलेल्या मुलाचा चेहरा दिसतो, पण आवाज वडील मंडळींस ऐकूं येत नाहीं. अशा वेळीं नवा पडदा व नवे स्पीकर आणण्याची घाई करूं नये, असें आम्ही सुचवितों. यंत्र बहुधा शाबूत असतें; यंत्र व कार्यप्रणाली यांमधील दुभाष्या, म्हणजे ड्रायव्हर, तेवढा नाहींसा झालेला असतो.

‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून पाहावें. तेथें ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर’ हें नांव किंवा पिवळें चिन्ह दिसल्यास निदान झालें. संगणकाच्या मॉडेलप्रमाणें उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून प्रथम चिपसेटचा, मग चित्राचा व ध्वनीचा ड्रायव्हर घ्यावा. इंटरनेट चालत नसल्यास दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हनें आणावा आणि शेवटीं संगणक पुन्हां सुरू करावा.

तरीहि आवाज न आल्यास, एचडीएमआय तारेमुळें ध्वनि मॉनिटरकडे वळला आहे काय, तें पाहून ध्वनिचिन्हाजवळ स्पीकर निवडावा. हे ड्रायव्हर पुढील खेपेसाठीं जपून ठेवावे. आधीं रोगपरीक्षा, मग औषध, हा वैद्यांचा क्रम येथेंहि पैसे वांचवितो.