काट्यावरची नोंद ढगात गेली, तर परत कशी येते?

सभासद बंधु-भगिनींनो,

वार्षिक सभेत संगणक खात्याच्या खर्चाचा विषय निघाला तेव्हा मागच्या रांगेतून एका वडीलधाऱ्या सभासदांनी विचारले, "आमचं टनेज ढगात ठेवता म्हणं. पावसाबरोबर खाली आलं तर कुणाच्या रानात पडायचं?" सभा हसली, आम्हीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ऊस आला, वजन झाले आणि ती नोंदच हरवली, तर बिल कशाचे काढायचे? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस पोचल्यापासून १४ दिवसांच्या आत पैसे देण्याचे बंधन कारखान्यांवर घातले. नोंद हाती नसेल तर ते बंधन पाळायचे कसे? सभेत वेळेअभावी राहिलेला खुलासा म्हणून येथे करीत आहोत.

सर्व्हर म्हणजे काय, ढग म्हणजे काय?

काट्यावर, शेतकी खात्यात, गट ऑफिसात आणि हिशोब खात्यात वेगवेगळे संगणक दिसतात. ते सारे एकाच मोठ्या संगणकात लिहितात. त्याला सर्व्हर म्हणतात. आपली ऊस नोंद, तोडणीची चिठ्ठी, काटा पावती, पंधरवड्याचे बिल, सोसायटीची वसुली हे सगळे त्या एका यंत्रात आहे. पूर्वी जाड पुठ्ठ्याच्या वह्या होत्या, आता ही वही आहे एवढेच.

वही भिजते, जळते, हरवते. सर्व्हरचेही तसेच. त्याची डिस्क बिघडते, वीज पडते, वायर जळते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने काय केले, हे सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला सांगायला नको. तळमजल्यावरचे कपाट आणि तळमजल्यावरचा सर्व्हर पाण्याला सारखेच. कोणी म्हणेल, पूर येतो तेव्हा गाळप बंद असते. खरे आहे. पण त्याच दिवसांत अडसालीची लागण आणि तिची नोंद चालू असते, आणि त्या तारखेवरच पुढच्या तोडणीचा नंबर ठरतो.

म्हणून वहीची दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवायची. ते दुसरे गाव म्हणजे क्लाउड. नाव ढगाचे असले तरी तो आभाळात नाही. पक्क्या इमारतींत हजारो सर्व्हर मांडलेले असतात आणि ते वापराप्रमाणे भाड्याने मिळतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे, तर अमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि २०२२ साली हैदराबादेत अशी केंद्रे सुरू केली. आपल्याकडे होणारी प्रत्येक नोंद पाठोपाठ तिकडे उतरवली जाते. तिकडचे मोठे यंत्र मात्र एरवी झोपलेले असते, फक्त प्रत जागी असते. त्यामुळे रोजचे भाडे कमी पडते. यंत्र जागे केले की भाडे वाढते.

जाणे : चेंजओव्हरचा खटका

इकडचा सर्व्हर बंद पडला, की तिकडचे यंत्र जागे करायचे आणि काट्याचे काम तिकडून चालवायचे. याला फेलओव्हर म्हणतात. विहिरीवर ज्यांच्याकडे लाइटची मोटर आणि जनरेटर दोन्ही आहेत, त्यांना हे समजावायला नको. लाइट गेली की चेंजओव्हरचा खटका जनरेटरकडे टाकायचा.

त्या खटक्याचा एक गुण ध्यानात घ्या. तो एका वेळी एकाच बाजूला असतो. दोन्हीकडे एकदम कधीच नाही. तसा झाला तर जनरेटरचा करंट उलटा लाइनवर जाईल आणि खांबावर चढलेला वायरमन प्राणाला मुकेल. सर्व्हरचा नियमही हाच. एका वेळी एकच वही चालू. दोन्ही चालू राहिल्या, तर निम्म्या गाड्या एकीत आणि निम्म्या दुसरीत लिहिल्या जातील, एकाच नंबरच्या दोन पावत्या निघतील. म्हणून तिकडचे यंत्र जागे करण्यापूर्वी इकडचे खात्रीने बंद करायचे. नुसते बंद पडलेय असे वाटून भागत नाही, त्याची जोड काढायची.

आता गोम सांगतो. आपली नोंद तिकडे पोचायला थोडा वेळ लागतो. सर्व्हर पडला त्या घटकेला काही नोंदी वाटेत असतात. शिवाय अशा गाड्या असतात, ज्यांचे भरलेले वजन झाले आहे, पण ज्या गव्हाणीकडून अजून रिकाम्या परतलेल्या नाहीत. ही अर्धी पावती. भरलेले वजन जुन्या वहीत, रिकामे वजन नव्या वहीत. दोन्ही एकत्र आली नाहीत, तर त्या सभासदाचे निव्वळ टनेज निघणारच नाही. नुकसान होते ते अशा ठिकाणी, आणि ते सबंध कारखान्याचे नसते, एखाद्याच घरचे असते. म्हणून त्याचा गवगवाही होत नाही.

परत येणे : खरी परीक्षा

मागच्या ऑफ सीझनमध्ये आम्ही या साऱ्याची तालीम घेतली. सर्व्हर मुद्दाम बंद केला, तिकडचे यंत्र जागे केले, काट्यावर रिकामा ट्रॅक्टर चढवून पावती काढली. सगळे खूश. तेवढ्यात काट्यावरच्या क्लार्कने विचारले, "साहेब, गेलो ते बरं झालं. पण तिकडनं माघारी यायचं कसं?" आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. जाण्याचे कागदावर पान न् पान लिहिले होते, येण्याच्या नावाने दोन ओळी.

परत येण्याला फेलबॅक म्हणतात. आम्हाला वाटले होते, सर्व्हर दुरुस्त झाला की बटण दाबायचे. तसे नाही. दुरुस्त झालेल्या सर्व्हरमध्ये जुनी वही आहे. मधल्या काळातल्या सगळ्या गाड्या ढगातल्या वहीत आहेत. जुनी वही तशीच उघडून लिहायला बसलो, तर मधला ऊस गेलाच म्हणून समजा.

हे मोठ्यांनाही चुकलेले नाही. गिटहब ही अमेरिकेतील कंपनी. जगभरचे प्रोग्रॅम लिहिणारे लोक आपले काम तिच्याकडे ठेवतात. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी नेहमीच्या देखभालीत एक खराब होत चाललेले यंत्र बदलताना तिच्या पूर्व किनाऱ्यावरील केंद्राचा संपर्क तुटला, तो फक्त ४३ सेकंद. तिचा चेंजओव्हर आपोआप पडणारा होता. त्याने कारभार पश्चिम किनाऱ्यावरच्या सर्व्हरकडे दिला. जोड परत आली, पण तोवर पूर्वेकडे अशा नोंदी होत्या ज्या पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेला नव्या नोंदी सुरू झाल्या होत्या ज्या पूर्वेला नव्हत्या. दोन वह्या, दोन्ही खऱ्या, दोन्ही अपुऱ्या. एका गर्दीच्या डेटाबेसातच ९५४ नोंदी अशा अधांतरी राहिल्या. कंपनीने एका बाजूच्या नोंदी फेकून सुटका करून घेतली नाही. सेवा लंगडत चालू दिली आणि जुन्या नकला आणून ताळमेळ घातला. त्या नकला दूर क्लाउडवर होत्या, त्या ओढून आणून लावण्यातच कित्येक तास गेले. सारे पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली. ४३ सेकंदांचे जाणे आणि दिवसभराचे येणे!

यावरून आम्ही परतीचा क्रम ठरवला. पहिले, दुरुस्त सर्व्हर थेट चालू करायचा नाही. काट्याचे काम ढगातूनच चालू ठेवून तिकडच्या नोंदी इकडे उतरवायच्या, म्हणजे नकलेची दिशा उलटी करायची. दुसरे, दोन्ही वह्या बरोबरीला येईपर्यंत थांबायचे. तिसरे, परतण्यासाठी निवांत वेळ निवडायची. क्लिनिंगसाठी गाळप थांबते, यार्ड मोकळे असते, ती वेळ उत्तम. म्हणजे अर्धी पावती कोणाची राहत नाही. चौथे, खटका टाकण्यापूर्वी शेवटचा पावती नंबर, एकूण गाड्या आणि एकूण टनेज दोन्ही वह्यांत ताडून पाहायचे. एका किलोचा फरक आला तरी परतायचे नाही. पाचवे, परतल्यावर इकडून तिकडे जाणारी नक्कल पुन्हा सुरू झाली का, हे त्याच दिवशी पाहायचे. हे विसरले, तर पुढच्या वेळी सर्व्हर पडला की ढगात जुनीच वही सापडेल.

आमचा खटका आपोआप पडणारा नाही, हेही सांगून ठेवतो. क्षणभर लाइन तुटली म्हणून कारभार हलवायचा नाही. संगणक खाते आणि शेतकी खाते यांचे दोन जबाबदार अधिकारी मिळून निर्णय घेतील. त्यात थोडा वेळ जाईल. तेवढा वेळ काटा हातपावतीवर चालेल. ढगापर्यंत जाणारी इंटरनेटची लाइनच तुटली, तरीही आधार हातपावतीचाच. म्हणून छापील नंबरची पावती पुस्तके काट्यावर आजही ठेवली आहेत, आणि पुढेही ठेवणार आहोत.

प्रत वेगळी, बॅकअप वेगळा

आणखी एक गैरसमज. ढगात प्रत आहे म्हणजे सारे सुरक्षित, असे नाही. इकडे कोणी चुकून नोंद पुसली, तर तिकडेही ती पुसली जाते. नक्कल करणाऱ्याला बरे-वाईट कळत नाही. गिटलॅब ही, नाव सारखे असले तरी गिटहबहून वेगळी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका कर्मचाऱ्याच्या हातून रात्री दुरुस्ती करताना मुख्य सर्व्हरवरील माहिती पुसली गेली. नकला घेण्याच्या पाच पद्धती होत्या, ऐनवेळी एकही भरवशाची निघाली नाही. सुमारे ६ तासांपूर्वी घेतलेली एक नक्कल योगायोगाने हाती होती, तिच्यावर निभावले. तेवढ्या तासांच्या नोंदी मात्र गेल्या. म्हणून दररोज रात्रीची वेगळी नक्कल आपण घेतो. ती कशालाही जोडलेली नसते, आणि ती उघडते की नाही हे अधूनमधून उघडूनच पाहतो. बियाण्याची उगवण रानात टाकण्यापूर्वी तपासावी, तसेच हे.

सभासदांनी काय करावे?

काटा पावती हातात आली की नाव, गट, वाहन नंबर आणि निव्वळ वजन तिथेच पाहावे. घडी घालून खिशात टाकू नये. बिल हाती येऊन ताळा पटेपर्यंत पावती जपून ठेवावी. वाहतूकदाराकडे राहिली असेल तर मागून घ्यावी. कारभार ढगात गेला की काट्यावर आणि गट ऑफिसात फलक लागेल, परत आला की पुन्हा लागेल. त्या दोन तारखांच्या दरम्यान, आणि त्यांच्या आगेमागे एक दिवस, ज्यांचा ऊस आला असेल त्यांनी गट ऑफिसात येऊन आपली नोंद पाहून जावी. फरक दिसला तर संकोच न करता सांगावे. दोन वह्या चुकल्या तरी तिसरी वही सभासदाच्या खिशात असते, आणि ती आम्ही ग्राह्य धरू.

राहिला प्रश्न त्या वडीलधाऱ्या सभासदांचा. तात्या, टनेज पावसाबरोबर खाली येणार नाही. ते आम्ही एकेक गाडी मोजून खाली आणू, आणि ज्याचे त्याच्याच रानात उतरवू. पुढची तालीम बॉयलर पेटण्याआधी घेणार आहोत. तारीख फलकावर लागेल. या वेळी नुसते जाण्याची नाही, परत येण्याचीही. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी अवश्य यावे. आपणच यावे, तात्या, आणि शेवटचा पावती नंबर आपणच ताडून पाहावा.

कळावे,
संगणक खाते