तीन आठवड्यांची परदेशविद्या

ज्यास परदेशीं जाऊन कला शिकावयाची असेल, त्यानें कांहीं वर्षें घरदार सोडिलेंच पाहिजे, अशी समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती निराधार नव्हती. अलिबागजवळील सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर कलकत्त्यास मूर्तिकाम करीत असतांना १९२० सालीं विलायतेस गेले व लंडनच्या रॉयल अकॅडमींत शिकले. पुण्यांतील शिवछत्रपतींचा त्यांच्या हातचा अश्वारूढ पुतळा १९२८ सालीं उभा राहिला. पुढें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंतून निघालेले सुधाकर नाडकर्णी जर्मनींतील उल्म येथें रचनाशास्त्र शिकून आले, आणि १९६९ सालीं पवई येथें आय. आय. टी. मध्यें औद्योगिक रचना केंद्र निघालें, त्याच्या उभारणींत ते अग्रेसर होते. दोघांनींही या विद्येसाठीं वर्षें खर्चिलीं.

परंतु मीरा-भाईंदरहून रोज सकाळीं गर्दींतून लोकल धरणारा जो तरुण दिवसा भांड्यांच्या कारखान्यांत नमुने आंखतो, उरलेल्या वेळांत रचनाशास्त्राचें पदव्युत्तर शिक्षण घेतो, आणि ज्याच्या पगारावर घराचा हप्ता व धाकट्या बहिणीची फी अवलंबून असते, त्यानें तीं वर्षें कोठून आणावीं? अशांसाठीं विद्यापीठांनीं अल्पकालीन विनिमयाचा मार्ग काढिला आहे. 'दोन-तीन आठवड्यांत शिकणार तें काय?' असें वडील मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तरही तितकेंच सरळ दिलें पाहिजे.

प्रथम रचनाशास्त्र, ज्यास सर्वत्र डिझाइन म्हणतात, तें काय हें पाहूं. वस्तूवर वेलबुट्टी काढणें म्हणजे डिझाइन नव्हे. डब्याचें झाकण ओल्या हातानें उघडेल काय, मिठागरावर राबणाऱ्याच्या कमरेस त्याचें अवजार जाच करील काय, याचा विचार करून वस्तूस रूप देणें हें त्या शास्त्राचें काम. त्यांतील हातचें कसब वर्षानुवर्षांच्या सरावानेंच येतें. तीन आठवड्यांत तें कोणासही येणार नाहीं, हें आम्ही प्रांजळपणें सांगतों. मात्र एक गोष्ट तेवढ्या काळांत साधते. रोज पाहून पाहून आपणांस जें दिसेनासें झालेलें असतें, तें परक्या मुलुखांत उभें राहिल्यावर दिसूं लागतें.

एक उदाहरण घेऊं. आपल्या उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील बांबूंच्या चौकटींवर, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यांत अडकवून, जोडीजोडीनें वाळत घालतात. उन्हानें ते थोड्याच दिवसांत वाळतात. पण अवकाळी पाऊस आला कीं माल वायां जातो. नॉर्वेच्या उत्तरेस लोफोतेन बेटांवर कॉड नांवाचा मासा असाच जोडीनें, शेपट्या एकत्र बांधून, लांकडी मांडवांवर टांगतात. तेथील थंड वारा फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत त्यास वाळवितो. उत्तनचा विद्यार्थी तेथें गेला, तर ती युक्ति जशीच्या तशी त्याच्या कामास येणार नाहीं. कारण तो वारा आपल्या किनाऱ्यास नाहीं. परंतु मांडवाची उंची कोणत्या हिशेबानें ठरली, ओझें कोण वाहतो, माल उतरावयास किती हात लागतात, हे प्रश्न विचारण्याची संवय त्यास लागेल. आणि परत आल्यावर तेच प्रश्न तो आपल्या आईस विचारील. तेथील विद्यार्थी उत्तनला आला, तर ऊन आणि पाऊस यांच्या कात्रींत सांपडलेल्या बायका काय काय तोड काढतात, हें तो शिकेल. विनिमय याचेंच नांव: देणें आहे म्हणून घेणें आहे.

आतां व्यवहाराकडे वळूं. यूरोपांतील विद्यापीठें अभ्यासाचें माप श्रेयांकांत करितात. तेथें पुऱ्या वर्षाचे ६० श्रेयांक असून प्रत्येकास २५ ते ३० तासांचा अभ्यास धरितात. आपल्याकडे वर्षाचे ४० श्रेयांक व प्रत्येकास ३० तास, असा हिशेब आहे. दोन आठवडे रोज आठ तासांप्रमाणें, आठवड्याचे पांच दिवस काम केलें, तर ८० तास, म्हणजे तेथील सुमारें तीन श्रेयांक होतात. यूरोपांत १९८७ सालीं सुरू झालेल्या इरॅस्मस योजनेंत आतां असेही अभ्यासक्रम आहेत कीं, ज्यांत प्रत्यक्ष मुक्काम ५ ते ३० दिवसांचाच असतो व उरलेलें काम घरीं बसून संगणकाद्वारें होतें. नोकरी करणाऱ्यास ही पद्धति सोईची. नॉर्वेसह यूरोपांतील २९ देशांच्या शेंगेन प्रदेशांत अल्पमुदतीच्या परवान्यावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षां अधिक राहतां येत नाहीं, हेंही ध्यानांत असावें.

पालकांनीं तीन गोष्टी आधीं लेखी मिळवाव्या. तेथील श्रेयांक येथें धरले जातील, असें आपल्या विद्यालयाचें पत्र ही पहिली. रजा मंजूर झाल्याचें मालकाचें पत्र ही दुसरी. आणि खर्चाची पुरी यादी ही तिसरी. खऱ्या विनिमयांत फी बहुधा आपल्याच विद्यालयांत भरावयाची असते, तरी प्रवास, निवास व विमा यांचा भार बहुधा विद्यार्थ्यावरच पडतो. निव्वळ फी घेऊन चालविलेल्या सहलीसही कित्येकदां विनिमय म्हणतात. म्हणून तेथील विद्यार्थी आपल्याकडे येतात काय, हें अवश्य विचारावें. याचें उत्तर नकारार्थी आलें, तर आईचे दागिने गहाण ठेवण्यापूर्वीं दहा वेळां विचार करावा.

विद्यार्थिमित्रांनो, शुभवर्तमानांतील रुपयांचा दृष्टांत तुम्हीं ऐकिला आहे. ज्यानें आपलें धन जमिनींत पुरून ठेविलें, त्यानें तें उधळलें नव्हतें. तरी धनी त्याजवर रुष्ट झाला. परदेशांत पाहिलेलें केवळ छायाचित्रांत सांठवून ठेवणारा त्याच्याच पंक्तीस बसतो. यासाठीं जावयाचें तर येथील एक प्रश्न बरोबर घेऊन जावें, आणि परत येतांना निदान त्याचें अर्धें उत्तर घेऊन यावें. तो प्रश्न शोधावयास परवाना लागत नाहीं कीं पैसा लागत नाहीं. उद्यां सकाळीं शाळेस येतांना मिठागराच्या बांधावर, भांड्यांच्या कारखान्याच्या दारांत किंवा भाईंदरच्या फलाटावर क्षणभर थांबून पहा. तो तेथेंच उभा असेल.