दोनशे रुपयांचा हिशेब

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार. दूरदर्शनवर अर्थसंकल्पाचे भाषण संपले आणि बारामतीच्या आमच्या घरात पेढे आले. पुतण्या एमआयडीसीत अभियंता, वर्षाचा पगार पावणेतेरा लाख. "काका, आता आयकर शून्य!" मी लगेच कागद ओढला; बँकेतली सवय जात नाही. नव्या पद्धतीत त्याचे उपकरासह ८३,२०० रुपये वाचणार होते.

त्याच्यासोबत कारखान्यातला एक कंत्राटी कामगार आला होता. इंदापूर तालुक्यातून, भवानीनगरहून रोज मोटारसायकलवर येणारा. पगार महिना अठरा हजार. पेढा हातात घेऊन त्याने हसत विचारले, "काका, ह्यात माझं काय?"

काहीच नाही. त्याला आधीही आयकर नव्हता. जो कर भरतो त्यालाच सवलत, हे तर सरळच आहे. पण मग ज्यांचे करपात्र उत्पन्न २४ लाख, त्यांचे १ लाख १० हजार वाचले. आणि आमच्याकडच्या बड्या ऊस बागायतदाराला शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही.

मग हा पोरगा फुकटा का? मुळीच नाही. साबणाच्या वडीवर तो आपल्याइतकाच जीएसटी देतो. शिवाय त्याच्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापतात, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. पुतण्याचेही २,५००, त्याच्या साहेबांचेही २,५००. पोराची ही चार दिवसांची कमाई. पुतण्याची एका दिवसाचीही नव्हे.

हा कर १९७५ चा, रोजगार हमी योजनेसाठी बसवलेला. १९७२ च्या दुष्काळात इंदापूरच्या माळावर माणसे खडी फोडत होती. मी तेव्हा शाळकरी पोर. त्यांच्या हाताला काम मिळावे म्हणून पगारदाराने चार पैसे द्यावेत, ही कल्पना थोरच. पण आज खडी फोडणाऱ्याचा नातू महिना १० हजारांच्या वर गेला, की साहेबांच्या रांगेत उभा राहतो. २०२३ पासून स्त्रियांना २५ हजारांपर्यंत माफी मिळाली, ते उत्तम झाले. ती मर्यादा सर्वांनाच का लावू नये? हे दिल्लीच्या नव्हे, मुंबईच्या हातात आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्टवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला. दिवाळीला तो पोरगा भेटला. म्हणाला, "काका, किराणाच्या बिलात थोडं माझंही आलं बरं का!" या वेळी पेढे त्याने आणले होते.