वाफ्याखालची जाळी

मंडळी, मागच्या वेळी एकांनी विचारलं, तत्त्वज्ञान शिकवलेल्यांना घुशीवर बोलायचा काय अधिकार? अधिकार घुशीनेच दिला. आम्ही परसात विटांचा दीड फूट उंच वाफा बांधला, त्यात रताळी लावली. उंच आहे म्हणजे सुरक्षित आहे, हे आमचं गृहीतक. पण घूस वर कशाला चढेल? ती खालून पोखरत येते. रताळी धरली तसा वाफा एका बाजूने खचला. वर वेल हिरवेगार, खाली पोकळी.

मग आम्ही विषारी पिठाच्या गोळ्या ठेवल्या. घूस राहिली, शेजारचं मांजर गेलं. त्यांच्या घरी जाऊन सांगावं लागलं. त्यानंतर विष बंद.

उपाय साधा आहे, फक्त माती भरण्याआधी करायचा. तळाला अर्ध्या इंचाच्या चौकोनांची, जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डेड जाळी अंथरायची. खुराड्याची षटकोनी जाळी नको. तिची तार बारीक, लवकर गंजते, मग घूस ती सहज तोडते. कडा आतून सहा इंच वर वळवायच्या. दोन तुकडे असतील तर एकमेकांवर चार बोटं चढवून तारेने शिवायचे. फट राहिली की सगळं फुकट. पाणी निचरतं, गांडुळं ये-जा करतात. वर फूटभर तरी माती हवी, नाहीतर मुळा-गाजराचं टोक जाळीत अडकतं.

आम्हाला भरलेला वाफा उपसावा लागला, तोही सत्तरीत. दोन दिवस गेले. घूस अजून आहे, कुंपणापाशी. तिथल्या बिळाला आम्ही हात लावलेला नाही.