मिजाज आणि स्वभाव

शिक्षकांनी प्रश्न विचारला, की वर्गातील एखादा मुलगा लगेच हात वर करतो आणि मग उत्तर आठवू लागतो. (मीही त्यांतलाच होतो.) दुसऱ्याला उत्तर येत असते, पण तो मान खाली घालून बसतो. पहिल्याला आपण आगाऊ म्हणतो, दुसऱ्याला घुमा. दोघांवरही अन्याय होतो.

माणसांच्या स्वभावांचे प्रकार पाडण्याचा प्रयत्न फार जुना आहे. 'मिजाज' हा शब्द तुम्ही घरी ऐकलाच असेल. युनानी वैद्यकात चार मिजाज मानतात. दमवी म्हणजे उत्साही, सफरावी म्हणजे तापट, बलगमी म्हणजे शांत आणि सौदावी म्हणजे विचारात बुडालेला. रक्त, पित्त, कफ यांच्या कमीजास्त प्रमाणामुळे स्वभाव बनतो, असे जुने हकीम समजत. आजचे मानसशास्त्र हे कारण मानत नाही. १९२१ साली कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने 'अंतर्मुख' व 'बहिर्मुख' असे प्रकार सांगितले. बहिर्मुख माणूस चार लोकांत खुलतो. अंतर्मुख माणूस आपल्या विचारांत रमतो. बहुतेक माणसे या दोहोंच्या मध्येच कोठेतरी असतात.

आपल्या खानदेशातील एक उदाहरण पाहा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे आणि साने गुरुजी एकत्र होते. विनोबांना गणिताची आवड. पुढे त्यांनी कुराणाचाही मूळ अरबीतून अभ्यास केला. गुरुजी पूर्वी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. ते फार हळवे. त्यांच्या डोळ्यांत चटकन पाणी येई. विनोबा दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलत आणि गुरुजी ते भराभर लिहून घेत. अशी अठरा प्रवचने झाली. त्यांतूनच 'गीता प्रवचने' हे पुस्तक तयार झाले. दोघेही नुसते बोलणारे असते, तर ते शब्द तुरुंगाच्या भिंतींतच राहिले असते.

मात्र "माझा स्वभावच असा आहे," असे म्हणून धाकट्या भावावर ओरडण्याची मुभा कोणालाच मिळत नाही. साने गुरुजी मूळचे लाजाळू. तरीही पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून ते गावोगाव सभांत बोलले आणि मे १९४७ मध्ये त्यांनी उपोषण केले.

आता वर्गातील त्या घुम्या मुलाकडे वळू. तो तुमच्या गटात आला, तर त्याला लगेच बोलायला लावू नका. विषय आदल्या दिवशी सांगा आणि दुसऱ्या दिवशी त्याला सर्वांत आधी विचारा.