आबिड्सची दगडी मंडई

पुणेकरांना १८८६ साली उघडलेल्या आपल्या मंडईविषयी जी आपुलकी वाटते, तीच हैदराबादकरांना मोअज्जमजाही मार्केटविषयी वाटते. सहाव्या निजामांच्या सेवेतील आबिद नावाच्या आर्मेनियन गृहस्थाच्या दुकानावरून आबिड्स या वस्तीला नाव पडले. तेथून जवळच, मोठ्या चौकात, ही ग्रॅनाइटची इमारत उभी आहे.

१९०८ साली मुसी नदीला महापूर आला आणि पाठोपाठ प्लेगने शहराला ग्रासले. त्या आपत्तींनंतर शहराची नीट आखणी करण्यासाठी नगरसुधार मंडळ स्थापन झाले. रुंद रस्ते आणि स्वच्छ बाजार ही त्या नव्या दृष्टीची फळे होत. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकीर्दीत, १९३५ साली, हा बाजार सिद्ध झाला व त्याला त्यांच्या द्वितीय पुत्राचे नाव देण्यात आले. कोपऱ्यावर घड्याळाचा मनोरा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या कमानीदार दुकानांच्या ओळी, अशी त्याची रचना आहे.

येथे फळांचा मोठा व्यापार चाले. फळे हाताशी असल्यामुळे आइस्क्रीमचा धंदाही येथे रुजला. दुधाचे भांडे लाकडी पिंपात ठेवून भोवती बर्फ व मीठ भरतात. मिठामुळे बर्फ शून्य अंशाखालीही वितळू लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता दुधातून ओढून घेतो. भांडे सतत फिरवल्याने बर्फाचे मोठे खडे न होता दूध मऊसर गोठते. त्यात सीताफळाचा किंवा आंब्याचा गर पडला, की तीच येथील ख्याती!

१९८०च्या दशकात फळांचा घाऊक बाजार शहराबाहेरच्या बाजूस गेला. आइस्क्रीम मात्र राहिले. सुका मेवा आणि अत्तरेही राहिली. पण इमारतीची रया गेली. छपरे गळू लागली, दगडांवर रंगांचे थर चढले, कमानींपुढे पत्रे आले. २०१८ साली जीर्णोद्धार सुरू झाला. रंग खरवडून मूळ दगड मोकळा केला गेला आणि दुरुस्तीसाठी चुन्याचा गिलावा वापरला गेला. सिमेंट ओल आत कोंडून ठेवते. चुना तिला बाहेर पडू देतो. जुन्या भिंतीच्या आयुष्याच्या दृष्टीने हा भेद फार मोलाचा आहे. ऑगस्ट २०२० मध्ये बाजार पुन्हा खुला झाला.

अशा वास्तूंचा उद्धार करताना एक मोह होतो. दुकानदारांना हलवावे आणि रिकाम्या कमानींचे प्रेक्षणीय स्थळ करावे! परंतु बाजार म्हणून बांधलेली वास्तू बाजार म्हणूनच जगते. गळके छप्पर प्रथम दिसते ते रोज दुकान उघडणाऱ्याला. फळांचे व्यापारी गेल्यावर या इमारतीकडे लोकांची पावले वळती ठेवली, ती मागे राहिलेल्या दुकानांनी. म्हणून मनोऱ्याचे घड्याळ चालू ठेवण्याइतकेच त्याखालचे आइस्क्रीमचे भांडे फिरते ठेवणे, हेही जतनाचेच काम होय.