तलावांतील स्पंज

साकोलीकडे मालगुजारी तलावांची वाण नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर बुडीत खुंटांवर करडी वा हिरवट, खरखरीत खपली आढळल्यास ती शेवाळ समजू नये. तो स्पंज नामक प्राणी असणे संभवते. अंगावरील छिद्रांवाटे पाणी ओढून त्यातील सूक्ष्म जंतू तो खातो. मुंबईच्या तळ्यांतील याच्या निरनिराळ्या जाती डॉ. कार्टर यांनी १८४९ साली वर्णिल्या. रंगावरून जात ठरत नाही; अंगातील गारगोटीच्या द्रव्याच्या सुया सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या लागतात. तळे आटले म्हणजे स्पंज मरतो. परंतु मोहरीहून लहान असे त्याचे बीजगोल खुंटास चिकटून राहतात व पावसाळ्यात फुटतात. गाळ उपसताना दोनचार जुने खुंट राहू द्यावेत, असे आम्ही सुचवितो. मात्र वाळली खपली उघड्या हाताने चोळू नये. सुयांनी खाज सुटते.